कंपवाताचीं तेरा वर्षें

[नभोवाणीवरून झालेलें भाषण]

दीर्घ आजार भोगून एखादा मनुष्य वारला म्हणजे त्याच्याविषयीं बोलण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. तो कोठें जन्मला, काय शिकला, कोणत्या हुद्द्यावर चढला, अडल्यानडल्या वेळीं त्यानें कोणाकोणाला हात दिला, हें सर्व आपण तपशिलानें सांगतों. आणि आजाराची गोष्ट निघाली कीं "शेवटचीं कांहीं वर्षें फार हाल झाले, देवानें सोडविलें," एवढ्या एका वाक्यांत ती गुंडाळून टाकतों. या वाक्यामागें निर्दयपणा नसतो. उलट मृताची विटंबना होऊं नये हाच हेतु असतो. परंतु त्या एका वाक्यांत कधीं दहा तर कधीं पंधरा वर्षें बुडून जातात, आणि तींही त्या मनुष्यानें जगलेलींच असतात, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

आमच्या घराचे एक जुने स्नेही २०१९ सालीं कंपवातानें वारले. माझ्या वडील बंधूंचे ते शाळासोबती. म्हणून आम्ही धाकटीं भावंडें त्यांना अण्णा म्हणूं लागलों, आणि तेंच नांव पुढें साऱ्या आळींत रूढ झालें. त्यांच्या मागें जीं भाषणें झालीं त्यांत २००६ पर्यंतचे अण्णा होते; पुढच्या तेरा वर्षांतले अण्णा नव्हते. मला त्या तेरा वर्षांविषयीं बोलावयाचें आहे. त्या काळांत त्यांनीं जें केलें तें त्यांच्या नोकरींतील कोणत्याही कामगिरीहून उणें नव्हतें असें माझें मत आहे. मात्र तें दिसावयाचें तर हा रोग मनुष्याला काय करतो तें आधीं समजून घेतलें पाहिजे. तेव्हां आजच्या भाषणांत थोडी शरीरशास्त्राची माहिती येईल. मी वैद्य नव्हे, मास्तर आहें. वर्गांत सांगावें तसें सांगेन.

अण्णा भूकरमापक होते. जमिनीची मोजणी करावयाची, नकाशा काढावयाचा, आणि भावाभावांतील बांधाचे तंटे त्या नकाशावर मिटवावयाचे, हें त्यांचें काम. अक्षर असें कीं कचेरींतील इतर लोक आपल्या नकाशांवरचीं नांवें त्यांच्याकडून लिहवून घेत. नोकरी बदलीची असल्यामुळें ते सातारा सोडून गांवोगांव फिरले. परंतु महिन्याला एक पत्र आमच्या घरीं येई. बंधु वारल्यावर तीं पत्रें माझ्या नांवानें येऊं लागलीं. २००३ सालीं ते निवृत्त होऊन साताऱ्यास, आमच्यापासून दोन आळ्या पलीकडे, येऊन राहिले, तरी पत्राची संवय सुटली नाहीं. फक्त टपालाऐवजीं शेजारचा मुलगा तें आणून देई. हीं सारीं पत्रें आमच्या घरीं एका पत्र्याच्या पेटींत आहेत, आणि तीं तारीखवार लावून पाहिलीं तर रोगाचा सगळा प्रवास त्यांत वाचतां येतो.

२००३ च्या पत्रांत ओळी रुळासारख्या सरळ आहेत. २००५ च्या सुमारास एक चमत्कारिक गोष्ट दिसूं लागते. ओळीचा आरंभ ठसठशीत, पण शेवटाकडे अक्षर बारीक होत गेलेलें. जणूं ओळ आपल्यापासून दूर चालली आहे. पुढें पुढें पहिलें अक्षरच बारीक. मीं छत्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. घाईनें अक्षर बिघडतें तेव्हां तें सैल होतें, वेलांट्या विस्कटतात, काना मान टाकतो. येथें तसें कांहीं नाहीं. प्रत्येक मात्रा जागच्या जागीं, ऱ्हस्वदीर्घ बिनचूक. केवळ आकार तेवढा घटलेला. डॉक्टर याला मायक्रोग्राफिया म्हणतात, आणि कंपवाताचें तें एक नांवाजलेलें लक्षण आहे. कित्येकांत तें हात कांपण्याच्याही आधीं दिसतें. २००६ सालीं अण्णा जेव्हां पुण्याच्या तज्ज्ञाकडे गेले तेव्हां त्यांनीं अण्णांना एक ओळ लिहावयास सांगितली, आणि मग कागदावर आंतून बाहेर उलगडत जाणारें एक वेटोळें काढावयास सांगितलें. ज्यानें उभा जन्म डोंगरांचीं वळणें कागदावर उतरविलीं त्याच्या हातून तें वेटोळें रुपयाएवढेंही झालें नाहीं.

या रोगाचें पहिलें नीट वर्णन लंडन शहरांतील जेम्स पार्किन्सन या डॉक्टरनें १८१७ सालीं एका छोट्या निबंधांत केलें. गंमत अशी, कीं त्यानें वर्णिलेले रुग्ण अवघे सहा, आणि त्यांपैकी कांहीं तर त्यानें रस्त्यानें जातांना पाहिलेले. मनुष्य पुढें वांकून चालतो, पावलें आंखूड व भरभर पडतात, हात विसाव्यास असतां कांपतो, हें सारें त्यानें केवळ डोळे उघडे ठेवून टिपलें. त्यानें या रोगाला "कंपयुक्त पक्षाघात" अशा अर्थाचें नांव दिलें होतें. पुढें पॅरिसमधील शार्को या नामांकित डॉक्टरनें दाखविलें, कीं यांत खरा पक्षाघात नसतो, आणि कित्येक रुग्णांत कंपही नसतो. म्हणून त्यानें रोगाला पार्किन्सनचेंच नांव दिलें. आपल्या वैद्यकांत याला कंपवात म्हणतात.

कंपाचीही एक खूण लक्षांत ठेवण्याजोगी आहे. म्हातारपणीं पुष्कळांचा हात कप उचलतांना कांपतो. तो कंप बहुधा निराळा. कंपवाताचा कंप हात मांडीवर स्वस्थ असतां चालूं असतो आणि हात कामाला लागला कीं बहुधा कमी होतो. आंगठा तर्जनीवर सारखा फिरत राहतो. अण्णा ओट्यावर बसले म्हणजे ते जप करीत आहेत असें आळींतील एका आजीबाईंना वाटे, आणि उतारवयांत भूकरमापकालाही देव आठवला म्हणून त्यांना समाधान होई. अण्णांनीं त्यांचा तो समज कधीं दूर केला नाहीं.

आतां हें कशानें होतें तें पाहूं. मेंदूच्या बुडाशीं, जेथून मानेकडे जाणारा देठ सुरू होतो तेथें, दोन्ही बाजूंना एक काळसर पट्टा असतो. लॅटिन भाषेंत त्याला सब्स्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे काळा पदार्थ, असेंच सरळ नांव आहे. त्यांतील पेशी डोपामाइन नांवाचें एक द्रव्य तयार करतात आणि आपल्या तंतूंच्या वाटेनें मेंदूच्या आणखी आंतल्या केंद्रांना पुरवितात. हालचाल किती मोठी, किती वेगानें, केव्हां सुरू करावयाची, याचा मेळ या पुरवठ्यावर अवलंबून असतो. कंपवातांत या पेशी एकामागून एक मरतात. स्नायु शाबूत असतात, हातापायांच्या शिरा शाबूत असतात, इच्छाही शाबूत असते. हार्मोनियमचे सूर, पट्ट्या आणि वाजविणाराचीं बोटें सर्व ठीक असावीं, परंतु भात्यांत हवाच पुरी भरूं नये, तसें होतें. सूर बरोबर तोच निघतो. फक्त बारीक आणि उशिरां. अक्षर बारीक होतें, पाऊल आंखूड पडतें, आवाज खोल जातो, तें सारें या एका कारणानें.

मरणाऱ्या पेशींत एका प्रथिनाच्या गुठळ्या सांपडतात. त्या लेवी नांवाच्या जर्मन डॉक्टरनें १९१२ सालीं प्रथम वर्णिल्या. तें प्रथिन कोणतें हें १९९७ सालीं कळलें. पण बहुतेक रुग्णांत हा प्रकार मुळांत कां सुरू होतो याचा उलगडा अद्याप पूर्ण झालेला नाहीं, आणि पेशींचा नाश थांबविणारें औषधही अजून हातीं आलेलें नाहीं. शरीर मोठें सोशीक आहे. निम्म्याच्या आसपास, कधीं त्याहूनही अधिक, पेशी गेल्यावर मग हाताचा कंप दिसूं लागतो. तोंपर्यंत रोग आडून बोलत असतो. वास येईनासा होतो, बद्धकोष्ठ जडतो, झोपेंत स्वप्नाबरोबर मनुष्य लाथा झाडतो, ओरडतो. अण्णांच्या शेजारीं चुलीवर दूध करपलें आणि ते शांतपणें वर्तमानपत्र वाचीत बसले, ही गोष्ट वहिनी २००० सालच्या आसपासची सांगतात. वास न येण्याला शेकडों कारणें असतात, तेव्हां हें ऐकून कोणी घाबरूं नये. परंतु हीं लक्षणें एकत्र आलीं तर मेंदूच्या व मज्जातंतूंच्या डॉक्टरांस दाखवावें.

या रोगाचें सर्वांत मोठें क्रौर्य कंपांत नाहीं, चेहऱ्यांत आहे. हंसणें, भुंवया उंचावणें, पापणी लववणें, याही हालचालीच आहेत, आणि त्याही मंदावतात. चेहरा मुखवट्यासारखा स्थिर होतो. मनांत आनंद झाला तरी तो वर येत नाहीं. आपण माणसें एकमेकांना चेहऱ्यावरून वाचतों. चेहरा कोरा दिसला कीं मनही कोरें, असें धरून चालतों. अण्णांच्या नातीच्या मुंजीत—होय, मुलीची मुंज, अण्णांच्या घरीं हट्टानें झाली—पाहुण्यांपैकी एकजण म्हणाले, "यांना कांहीं समजत नाहींसें दिसतें." त्याच रात्रीं अण्णांनीं मला लिहिलेल्या पत्रांत समारंभाचा सारा वृत्तांत आहे, त्या पाहुण्यांच्या वाक्यासकट, आणि पुढें कंसांत "जिलबी मात्र कच्ची होती" असा शेरा आहे. पुढच्या काळांत या रोगांत बुद्धीवरही परिणाम होऊं शकतो, हें खरें. पण चेहऱ्यावरून तो ठरवितां येत नाहीं.

औषधाची हकीकत सांगावयासच हवी, कारण तींत आपल्या देशांतील दोन वनस्पति गुंतलेल्या आहेत आणि हें फार थोड्यांस ठाऊक असतें. पहिली सर्पगंधा. रक्ताचा दाब कमी करण्यास ती उपयोगी पडते याविषयीं मुंबईचे डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनीं १९४९ सालीं विलायतेंतील एका नियतकालिकांत लेख लिहिला आणि जगाचें लक्ष तिकडे गेलें. १९५२ सालीं तिच्यांतून रेसर्पीन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. तें मोठ्या प्रमाणांत दिलेले कांहीं रुग्ण ताठर आणि मंद होऊं लागले, अगदीं कंपवात झाल्यासारखे. स्वीडनमधील कार्लसन या शास्त्रज्ञानें तेंच द्रव्य सशांना दिलें. ससे निश्चल पडले. मग त्यानें त्यांना लेव्होडोपा नांवाचें दुसरें द्रव्य टोंचलें, आणि ससे उठून हिंडूं लागले. ही १९५७ ची गोष्ट. रेसर्पीननें मेंदूंतील डोपामाइन रितें होतें आणि लेव्होडोपापासून तें पुन्हा तयार होतें, हें त्यावरून निष्पन्न झालें. या कामाबद्दल कार्लसनला २००० सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

दुसरी वनस्पति खाजकुयली. पावसाळ्यानंतर रानांत हिच्या शेंगेचा स्पर्श झाला कीं काय होतें तें ज्यांनीं लहानपणीं अनुभविलें आहे त्यांना तिची ओळख करून देणें नको. हिच्या बियांत लेव्होडोपा असतें, आणि तें त्या बियांतून शुद्ध रूपांत वेगळें करण्याचें काम १९३७ सालीं मद्रासच्या दामोदरन् व रामस्वामी या संशोधकांनीं केलेलें आहे. आपले वैद्य कंपवातावर या बिया देत आले, ते उगीच नव्हे. तथापि कोणी हें ऐकून बाजारांतून चूर्ण आणून घेऊं नये. बींत द्रव्य किती हें प्रत्येक वेळीं सारखें नसतें, आणि डॉक्टरांचें औषध चालूं असतां वर हें घेणें म्हणजे तेंच औषध न मोजतां दुप्पट घेणें होय.

तिकडे व्हिएन्ना शहरांत हॉर्निकीविझ यांनीं या रोगानें वारलेल्या माणसांचे मेंदू तपासले आणि आंतल्या केंद्रांत डोपामाइनचा खडखडाट असल्याचें १९६० सालीं सिद्ध केलें. पुढल्याच वर्षीं रुग्णांना लेव्होडोपा टोंचून पाहण्यांत आलें, आणि अंथरुणावरून उठूं न शकणारीं माणसें कांहीं तास उठून चाललीं. थोडथोडें वाढवीत पोटांतून भरपूर देण्याची पद्धत कोत्झियास यांनीं अमेरिकेंत १९६७ सालीं रूढ केली, आणि आजही हेंच मुख्य औषध आहे. सरळ डोपामाइनच कां देत नाहींत, असें कोणी विचारील. रक्तांतून मेंदूंत जाणाऱ्या वाटेवर एक कडक नाका आहे. डोपामाइनला तेथें मज्जाव, लेव्होडोपाला परवानगी. याच नाक्यावरून आपल्या डाळीचें, दुधाचें प्रथिनही जात असतें, आणि दोघांची दारांत चेंगराचेंगरी झाली तर औषध मागें राहतें. म्हणून गोळी जेवणाच्या आधीं घ्यावयाची. डॉक्टरांच्या सल्ल्यानें अण्णांनीं दुपारचें वरण सोडून तें रात्रीं खाण्याचा क्रम ठेवला. सातारकराला हा कांहीं लहानसहान त्याग नव्हे.

पहिलीं चारपांच वर्षें औषधानें चांगलीं जातात. मग पेशी आणखी घटतात, साठवण उरत नाहीं, आणि औषध आहे तोंवर हालचाल, औषध उतरलें कीं ताठरपणा, असें दिवसांतून चारचारदां घडूं लागतें. औषध फार चढलें तर उलट अंग आपोआप वळवळतें, डुलतें. दहा वाजतां बाजारांत भेटलेला मनुष्य साडेअकराला खुर्चीवरून उठूं शकत नाहीं. हें ज्यांना ठाऊक नाहीं ते त्याला सोंग म्हणतात. अण्णांना तसें म्हणणारे लोक होते, आणि ते परके नव्हते.

यावर अण्णांनीं जें केलें तें मला फार मोलाचें वाटतें. त्यांनीं आलेखाचा कागद आणला. आडव्या रेघेवर दिवसाचे तास, उभ्या रेघेवर आपली हालचाल, पूर्ण मोकळी ते पूर्ण बंद, अशीं सहा पायऱ्यांत. दर अर्ध्या तासाला एक ठिपका, स्वतः न जमलें तर वहिनींच्या हातून. गोळी घेतल्याची वेळ तांबड्या शाईनें. महिन्याकाठीं तीस कागद होत. त्यांवर एखाद्या घाटाचा उभा छेद काढावा तशी रेघ चढतांउतरतांना दिसे. ते कागद पाहून पुण्याच्या डॉक्टरांनीं मोठ्या चार गोळ्यांच्या जागीं लहान सहा गोळ्या केल्या, आणि दुपारची दरी पुष्कळ भरून आली. मेंदूंत बारीक तारा बसवून विजेच्या मंद स्पंदनानें कंप व ताठरपणा आंवरण्याची शस्त्रक्रियाही आहे. फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथें १९८७ पासून तिचा विकास झाला, आणि आपल्याकडेही ती होते. योग्य रुग्णांस तिनें मोठा आराम पडतो. अण्णांच्या बाबतींत तिचा विचार होऊन ती न करण्याचें ठरलें.

त्यांचा दुसरा उद्योग चालण्याचा. या रोगांत पाय अकस्मात् जमिनीला चिकटल्यासारखे होतात, विशेषतः दाराच्या चौकटींत किंवा वळतांना. अशा वेळीं मागून ढकलणें किंवा हात धरून ओढणें अगदीं वाईट. मनुष्य तोंडावर पडतो. मात्र त्याच्यापुढें जमिनीवर एक रेघ असेल आणि ती ओलांडावयाची आहे असें मनांत धरलें, तर पाय सुटतो. आपलें रोजचें चालणें न कळत होतें, आणि ती न कळत चालणारी वाटच रोगानें बुजवलेली असते. पाहून, ठरवून टाकलेलें पाऊल मेंदूच्या दुसऱ्या वाटेनें जातें. म्हणून कित्येक रुग्ण सपाट जमिनीवर अडतात आणि जिना मात्र चढून जातात. अण्णांनीं आपलें पाऊल मोजलें, आणि ओटी ते स्वयंपाकघर या बोळांत सव्वा सव्वा फुटावर पांढऱ्या रंगाच्या रेघा मारून घेतल्या. तालाचाही असाच उपयोग होतो. मीं शाळेंत लेझीम शिकवीत असें. तेव्हां एक-दोन-तीन-चार ही माझी मोजणी त्यांना पाठ. चौकटींत अडले कीं ते स्वतःशींच ती पुटपुटत आणि पाऊल टाकीत. पुण्यांत कंपवाताच्या रुग्णांसाठीं नृत्याचे वर्ग चालविले गेले आहेत, आणि पार्किन्सन्स मित्रमंडळ या नांवानें रुग्ण व त्यांचे आप्त एकत्र जमतात. त्यामागें हेंच तत्त्व आणि थोडी संगतसोबत आहे.

आवाज खोल गेला तेव्हां मोठ्यानें बोलण्याचा अभ्यास करावा लागतो. रुग्णाला स्वतःचा आवाज पुरेसा मोठाच वाटत असतो. ऐकणाराला मात्र तो कुजबुजल्यासारखा येतो. अण्णांनीं त्यासाठीं पाढे निवडले. रोज सायंकाळीं पांच वाजतां ओट्यावर बसून पावकी, निमकी, पाऊणकी, आणि तेथून थेट औटकीपर्यंत. शेजारचीं मुलें आधीं चेष्टेनें बरोबर म्हणूं लागलीं, मग खरोखरीच म्हणूं लागलीं. आज आमच्या आळींत औटकी येणारीं चार मुलें आहेत, आणि तीं शाळेंत शिकलेलीं नाहींत, हें मी मास्तर असून सांगतों.

अण्णा संत होते असा ग्रह मात्र होऊं देऊं नका. २०१० चें सारें वर्ष त्यांनीं कोणाशीं धड भाषण केलें नाहीं. एकदां त्यांनीं वहिनींच्या अंगावर ताट भिरकावलें. खिन्नता ही या रोगांत केवळ दुःखाची प्रतिक्रिया नसून पुष्कळदां रोगाचाच भाग असते, आणि तिच्यावर औषध असतें, हें त्यांच्या डॉक्टरांनीं ओळखलें तेव्हां ते सावरले. वहिनींनीं त्या वर्षांत आणि पुढें काय सोसलें तें सांगावयास दुसरें भाषण लागेल. घड्याळ त्यांच्या हातीं असे. रात्रीं दोन वाजतां अण्णांना कूस पालटून देण्यास त्या नऊ वर्षें उठल्या.

आतां अंगठ्याची गोष्ट. २०१३ सालीं एका बँकेनें अण्णांची निवृत्तिवेतनाची सही नाकारली. जुनी सही टपोरी, नवी मुंगीएवढी. दोन्ही एकाच माणसाच्या, हें तेथील कारकुनास पटेना. दोन खेपा झाल्या. अशा आजारी निवृत्तांस दोन साक्षीदारांसमोर अंगठा उठवून पैसे घेतां येतात, तशी सोय आहे; ती तिसऱ्या खेपेस कोणी तरी सांगितली. साक्षीदारांपैकी एक मी होतों. साक्षरतेच्या वर्गांत मीं म्हाताऱ्या माणसांना सही करावयास शिकविलें होतें, अंगठेबहाद्दर हा शब्द पुसून काढावयाचा म्हणून. आणि ज्याच्या अक्षराचे दाखले कचेरींत दिले जात त्या मनुष्याच्या अंगठ्याला मी शाई लावली. परत येतांना मला कांहीं बोलवेना. रिक्षांत अण्णा बऱ्याच वेळानें म्हणाले, "मास्तर, अंगठा बारीक होत नाहीं." पुढें दरमहा ते अंगठा उठवीत, आणि पत्रें मात्र त्याच बारीक अक्षरांत लिहीत राहिले. शेवटचें पत्र २०१८ च्या दिवाळींतलें आहे. तें भिंगाखालीं वाचावें लागतें, पण त्यांत एकही अक्षर गाळलेलें नाहीं.

शेवटच्या वर्षीं गिळणें कठीण झालें. घशाचे स्नायूही याच रोगाचे बंदी असतात. अन्नाचा कण श्वासनलिकेंत जातो आणि फुप्फुसाला सूज येते. कंपवाताचे पुष्कळ रुग्ण याच वाटेनें जातात, आणि अण्णाही तसेच गेले. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलेला आहे. कांहीं दिवस त्यांना कोपऱ्यांत लहान मुलें बसलेलीं दिसत. असे भास रोगानें होतात, औषधानेंही होतात, आणि त्यांत वेड लागल्याचें कांहीं नाहीं. "तीं खरीं नाहींत हें मला कळतें," असें ते वहिनींना म्हणत, "पण तीं गोंगाट करीत नाहींत, तेव्हां बसूं द्या."

१९९६ सालीं अमेरिकेंतील अटलांटा येथें ऑलिंपिकची ज्योत मुष्टियोद्धा महंमद अली यानें कांपत्या हातानें पेटविली, तो प्रसंग आपल्यापैकी कित्येकांनीं दूरचित्रवाणीवर पाहिला असेल. त्याचा रोग तेव्हां बारा वर्षांचा जुना होता, आणि त्याच्या वतीनें दुसऱ्या कोणी ती पेटवावी असें कोणी म्हटलें नाहीं. घरांतल्या रुग्णाला आपण एवढी मुभा देत नाहीं. त्याला प्रश्न विचारला कीं उत्तर बायको किंवा मुलगा देतो. प्रश्न कानांत शिरून उत्तर ओठांवर येण्यास या रोगांत वेळ लागतो. तो वेळ कोणाला धीर नसल्यामुळें मिळत नाहीं, आणि मग मनुष्य उत्तर देण्याचेंच सोडून देतो.

अण्णांना भेटावयास येणारांत मला जो सर्वांत आवडे तो जवळच्या खेड्यांतला एक शेतकरी. अण्णांनीं पूर्वीं कधीं तरी त्याच्या गटाची मोजणी केली होती. तो प्रकृतीची चौकशी करीत नसे. ओट्यावर बैठक मारून नकाशा उलगडी, "अण्णा, हा बांध कुणाचा हो?" असें विचारी, आणि चंची सोडून सावकाश पान जुळवावयास बसे. चुना लावून, सुपारी कातरून, तंबाखू मळून पान तोंडांत जाईपर्यंत अण्णांचें उत्तर येई, आणि तो मान डोलवून पुढचा बांध विचारी.